सोळा नंबर रजेवर

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर एक पांढरट डाग आहे. नातवंडं त्याच्याबद्दल विचारतात, आणि मी दर वेळी नवी थाप मारते. थोरल्याला सांगितलं, विंचू चावला. धाकटीला सांगितलं, तुझ्या आजोबांनी रागानं चावा घेतला. ती आजोबांच्या फोटोकडे अजून संशयानं बघते. खरी गोष्ट कुणाला सांगितली नाही, कारण ती सांगायची तर मी किती शहाणी होते तेही सांगावं लागतं.

तेव्हा मी बावीस वर्षांची. सांगलीहून नोकरीसाठी आलेली, पंचायत समितीच्या कचेरीत कनिष्ठ लिपिक. तालुका कुठला ते सांगत नाही. वडूजची एसटी कचेरीसमोरून धूळ उडवत जायची एवढं पुरे. मोठा दुष्काळ नुकताच मागे पडला होता, रॉकेल मिळत नव्हतं, आणि सरकारच्या मनात आलं होतं की घरोघर गोबर गॅस व्हावा. त्या योजनेचं टेबल माझ्याकडे. गाय आणि बैल समोरून आले तर मला पटकन फरक कळायचा नाही, पण परिपत्रकं तोंडपाठ. केसांना दोन पिना, मनगटावर वडिलांचं घड्याळ आणि तोंडात ‘नियमात बसत नाही’. आज ती मुलगी माझ्या घरात सून म्हणून आली असती तर मी आठवड्यात तिला माहेरी पाठवली असती.

मिस्त्री आले की आधी वास यायचा. विडी, लोखंडाचा कीस आणि शेण असा तिन्हींचा मिळून. उंब्रजकडचा माणूस, पलटणीत वेल्डर होता, हवालदार होऊन घरी आला आणि योजनेच्या यादीत मान्यताप्राप्त कारागीर झाला. खड्डा खणून विटांनी बांधायचा, त्यात शेणकाला सोडायचा, वर पत्र्याचा ड्रम पालथा घालायचा. गॅस धरला की ड्रम आपोआप वर उचलला जातो. तो उचलला गेला की मिस्त्री त्याला सॅल्यूट ठोकायचे. खोटं वाटेल, पण मी पाहिलंय.

त्यांच्याकडे काडेपेट्या दोन. एक खिशात, विडीसाठी. दुसरी प्लॅस्टिकात गुंडाळून टोपीत; तिच्यातल्या काडीनं फक्त नव्या गॅसची पहिली ज्योत पेटवायची. खिशातली संपली तर शेजारी मागतील, पण टोपीला हात लावायचे नाहीत. एकदा आमच्या शिपायानं त्या पेटीतली काडी मागितली, तर म्हणाले, “ती ड्युटीवर हाय गड्या.”

बांधलेल्या प्रत्येक गॅसला नंबर, आणि नंबरांबद्दल ते पलटणीतल्या जवानांबद्दल बोलावं तसं बोलत. “सात नंबर आजारी हाय, पोटात पानी जास्त झालंय.” “अकरा नंबर लय गुणाचं.” मला आधी वाटलं, ह्यांना खूप मुलं आहेत.

कुठलाही गॅस त्यांच्या लेखी ड्रम बसवून पुरा होत नसे. घरच्या बाईनं त्याच्यावर भाकरी करायची, आणि पहिली भाकरी मिस्त्रींनी उंबऱ्याशी बसून खायची. शेणाच्या गॅसवरचं अन्न म्हणून बायका नाक मुरडायच्या. ते कुणालाही आग्रह करत नसत. नुसते बसून राहायचे. एका गावात दोन दिवस बसले होते. तिसऱ्या दिवशी त्या बाईनं कंटाळून भाकरी थापली.

आमचं पहिलं भांडण झालं ते नियमांवरून. मी त्यांना समजावून सांगत होते, की ड्रमच्या पत्र्याला परमिट लागतं, परमिटला मंजुरी लागते, आणि अनुदान मात्र तपासणीत ज्योत दिसल्यावरच मिळतं. आधीचं काम पुरं असल्याचा दाखला असेल तरच पुढच्या कामाचं परमिट.

मिस्त्रींनी हे सगळं बोटांवर मोजलं. मग म्हणाले, “म्हंजे बाई, आदी पोरगं चालून दावायचं, आन् मग लगीन?”

मी कानापर्यंत लाल झाले आणि फाईलवर लिहिलं, ‘कारागिराने अप्रस्तुत विधान केले.’ ते वाक्य आजही कुठल्या तरी गठ्ठ्यात असेल. आता वाटतं, त्या अख्ख्या फाईलमध्ये तेवढंच एक विधान प्रस्तुत होतं.

सोळा नंबरचा घोळ मी घातला. पूर्वेकडच्या माळावरची ठकूबाई, धनगराची म्हातारी. एक डोळा धुरानं गेलेला, दुसऱ्यावर पडदा येऊ लागलेला. मिरजेच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की चुलीपुढं बसू नका. पण दिवाळीनंतर दोन्ही मुलगे, सुना, नातवंडं मेंढरं घेऊन कृष्णाकाठी जायची ती आषाढात परत यायची. म्हातारी एकटीच मागं. बिनखिडकीचं छपराचं घर, आत चूल. तिनं चुलीपुढं नाही बसायचं तर कुणी बसायचं?

मिस्त्रींनी तिचा अर्ज आणला. नियम होता, किमान चार जनावरं पाहिजेत. अर्जात लिहिलं होतं, ‘जनावरे : एकशे दहा’. चारच्या जागी एकशे दहा! मला धन्य वाटलं. केवढं मोठं खटलं, केवढ्या म्हशी! मी कुठली जनावरं हे विचारलंच नाही. तिथल्या तिथं मंजुरीची शिफारस केली आणि शेरा मारला, ‘अत्यंत योग्य लाभार्थी’. मिस्त्री समोरच उभे होते. मला काय वाटलंय ते त्यांना कळलं होतं का? आजवर मला ह्याचं उत्तर मिळालेलं नाही. ते एवढंच म्हणाले, “ओके रिपोर्ट,” आणि निघून गेले.

भाद्रपदात सोळा नंबर उभा राहिला. मेंढरांच्या लेंड्या भिजवून, कुटून, कालवून मिस्त्रींनी तो पेटवला. ठकूबाईनं भाकरी केली, त्यांनी खाल्ली. सगळं झकास. फक्त तपासणीला साहेब आले नाहीत, कारण कचेरीची जीप दुरुस्तीला गेली होती. जीप आली मार्गशीर्षात. तोवर मेंढरं गेली होती, त्यांच्याबरोबर लेंड्याही गेल्या होत्या, आणि ड्रम खड्ड्यात तळाला जाऊन बसला होता.

आम्ही जीपमधून उतरलो. मी एकशे दहा म्हशी शोधत होते. समोर एक शेळी.

“जनावरं कुठे आहेत?” मी विचारलं.

“उंब्रजला,” ठकूबाई म्हणाली.

“सगळी?”

“मग? अर्धी कशी जात्याल? मेंढरं हायती ती.”

साहेब माझ्याकडे बघत राहिले, मी फॉर्मकडे. फॉर्ममध्ये दोनच चौकटी होत्या : चालू आणि बंद. साहेबांनी ‘बंद’वर पेन टेकवलं.

“बंद न्हाई सायेब,” मिस्त्री पुढं झाले. “रजेवर हाय.”

“रजेवर म्हणजे?”

“मेंढरं परगावी हायती. ती आली की रुजू हुतंय.”

साहेब वाईट नव्हते. ते खेड्यात कुणाचा चहासुद्धा घेत नसत आणि जे डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहीत. त्यांनी मिस्त्रींना सरळ मार्ग सांगितला. “हा ड्रम काढून न्या. आम्ही सोळा क्रमांक रद्द करतो. पंधरा तुमचे पुरे झालेतच, पुढच्या पत्र्याचं परमिट लगेच मोकळं होईल. नाही तर हा पुरा होईपर्यंत तुमचं सगळं काम अडेल.”

माझ्या टेबलावर त्यांच्या नावाची सात नवी कामं पडून होती. बहुतेक शहाण्या माणसांनी ड्रम काढला असता. मिस्त्रींनी ठकूबाईकडे पाहिलं. ती ह्या सगळ्यात चुलीत तुरकाट्या सारत होती आणि पदरानं डोळा पुसत होती.

“ड्रम हितंच ऱ्हाईल,” ते म्हणाले. “एक म्हैना द्या. ज्योत दावतो.”

साहेबांनी महिना दिला. परतताना जीपमध्ये मी मिस्त्रींना हळूच म्हटलं, “कशाला हट्ट करता? एका म्हातारीसाठी सात कामं?”

ते बाहेर बघत म्हणाले, “माझ्या आईचं दोन्ही डोळं चुलीनं खाल्लं, बाई. मी तवा पलटनीत. मनीऑर्डर धाडत हुतो आन् वाटत हुतं, आपलं लय चाललंय.” 

पण नियम काढल्याशिवाय गप्प बसले तर ती मी कसली? दुसऱ्याच दिवशी मी त्यांना पोटनियम दाखवला. शेण अर्जदाराच्याच जनावरांचं पाहिजे. शेजाऱ्याचं शेण आणून तपासणीपुरती ज्योत दाखवणारे बहाद्दर निघाले होते, म्हणून तो नियम आला होता.

“बराबर हाय,” मिस्त्री म्हणाले. “मग साक्षीला चला.”

“कुठे?”

“उंब्रजला. जनावरं तिचीच हायती का न्हाई, तुमीच बगा.”

आणि मी गेले! का गेले, हे मला त्या दिवशीही कळलं नव्हतं. घरमालकिणीला ‘शासकीय दौरा’ असं सांगितलं आणि एकुलती एक इस्त्रीची साडी नेसून एसटीत बसले. उंब्रजच्या मळ्यात ऊस तुटून गेलेला, आणि मोकळ्या रानात मेंढरं बसवलेली. तिकडे ती रीतच आहे. शेतकरी धनगराला धान्य देतो आणि मेंढरं आपल्या रानात मुक्कामाला बसवून घेतो, तेवढंच खत. ते रान मिस्त्रींच्या भावाचं. भाऊ बांधावर उभा राहून ओरडत होता.

“आरं, मी जुंधळं मोजल्यात त्यास्नी! खत माझ्या रानात पडायला पायजे, आन् तू पोत्यात भरतुयास?”

“तुला शेतात खत लागतंय, तिला चुलीत,” मिस्त्री खाली वाकून लेंड्या भरत म्हणाले. “तुजं दोन्ही डोळं शाबूत हायत का न्हाई?”

“हायत की.”

“मग बांदावर हुबा ऱ्हा आन् तिकडं बग.”

भाऊ खरोखरच तिकडे बघत उभा राहिला. त्या घराण्याचं मला कधी नीट कळलं नाही.

मी मेंढरं मोजायला घेतली. पहिल्यांदा एकशे तीन भरली, दुसऱ्यांदा एकशे सव्वीस. तिसऱ्यांदा मोजताना एक कोकरू माझ्या वहीचा कोपरा खाऊन गेलं. ठकूबाईचा थोरला मुलगा कांबळं पांघरून शेजारी उभा होता. त्यानं विचारलं, “आवं बाई, मोजून काय करनार?”

“ओळख पटवायची आहे.”

“मग मोजताय कशापायी? नावं इचारा की.” आणि तो एकेकीला हाका मारू लागला, आणि ती खरंच मान वर करू लागली. मी दाखल्यात लिहिलं, ‘जनावरे समक्ष पाहिली. ती मालकास ओळखतात.’

बारा पोती झाली. ती एसटीच्या टपावर चढवली. कंडक्टरनं शिडीवरून विचारलं, “ह्यात काय हाय?”

“फ्युएल,” मिस्त्री म्हणाले.

कंडक्टरनं वास घेतला. “हे फ्युएल आमच्या दारात रोज पडतंय. कुनाचं हाय?”

मिस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवलं. सगळी एसटी माझ्याकडे बघू लागली. इस्त्रीच्या साडीतली मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, “कार्यालयीन आहे.” लगेजचं तिकीट माझ्या नावावर फाटलं. सांगलीत माझ्यासाठी स्थळं बघत होते त्या दिवसांत. एखादं स्थळ त्या एसटीत असतं तर माझा जन्म वेगळा झाला असता.

पौषातली थंडी. अशा थंडीत गॅस लवकर धरत नाही. मिस्त्री महिनाभर ठकूबाईच्या अंगणात राहिले. लेंड्या कोमट पाण्यात भिजवायचे, काठीनं ढवळायचे, खड्ड्याभोवती कडबा रचायचे आणि ड्रमला कान लावून बसायचे. म्हातारी मला म्हणाली होती, “माज्या पोरांनी मला येवढं कवा जपलं न्हाई, जेवढं ह्यो त्या खड्ड्याला जपतुया.”

मुदतीच्या दिवशी आम्ही भर दुपारी पोचलो. ड्रम चार बोटं वर आला होता. चारच. साहेब उंच, छपराच्या दारातून वाकून आत जायला तयार नव्हते. म्हणून रबरी नळी लांबवून शेगडी अंगणात आणली, उन्हात. साहेबांच्या डोळ्यांवर काळा चष्मा.

मिस्त्रींनी टोपी काढली. प्लॅस्टिक सोडलं. पेटीत पाच काड्या होत्या. पहिली विझली. दुसरी विझली. “कच्चा ग्यास हाय, जाऊ द्या त्याला,” म्हणून त्यांनी थोडा वेळ तोटी तशीच उघडी ठेवली. तिसरी वाऱ्यानं गेली. चौथी टेकवली तेव्हा बारीक ‘सूं’ असा आवाज आला, आणि मिस्त्री ताठ उभे राहिले.

“पेटला, सायेब.”

“कुठे?” साहेब म्हणाले.

“ह्यो काय.”

साहेब वाकले. चष्मा काढला. पुन्हा वाकले. “मला काही दिसत नाही.”

मलाही काही दिसत नव्हतं. शेगडीवर नुसतं ऊन. मिस्त्री म्हणत होते पेटलाय, साहेब म्हणत होते नाही, म्हातारी म्हणत होती मला तसंही दिसत नाही, मला कशाला विचारता. आणि मला एकदम मिस्त्रींची दया आली आणि रागही आला, की महिनाभर हा माणूस ह्या खड्ड्यापाशी बसला आणि आता भर उन्हात खोटं बोलतोय. मी पुढं झाले आणि म्हणाले, “नाही हो मिस्त्री, इथे काही नाही,” आणि ‘इथे’ म्हणताना बोट नेमकं शेगडीच्या मधोमध ठेवलं.

माझी किंकाळी रस्त्यापर्यंत गेली असावी. जीपचा ड्रायव्हर धावत आला.

“ओके रिपोर्ट,” मिस्त्री म्हणाले.

गोबर गॅसची ज्योत इतकी फिकी निळी असते की दुपारच्या उन्हात दिसतच नाही, हे आम्हा शिकलेल्यांपैकी कुणाला माहीत नव्हतं. मी बोट तोंडात धरून उड्या मारत होते. ठकूबाई मात्र शांतपणे उठली, अंदाजानं तवा ठेवला, त्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. ते चुरचुरले. “तापलाय की,” ती म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

पण साहेब डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहिणारे. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘ज्योत दिसली नाही. तथापि लिपिक बाईंचे बोट भाजले.’ आणि फाईल वर पाठवली.

वरून विचारणा आली. ‘बोट भाजणे हा ज्योतीचा पुरावा मानावा किंवा कसे, याबाबत स्पष्ट अभिप्राय द्यावा.’ आम्ही अभिप्राय दिला. मग आलं, ‘बोट कोणत्या हाताचे?’ मी संतापून मिस्त्रींना पत्र दाखवलं. मला वाटलं ते कपाळाला हात लावतील. ते खूश झाले.

“आवं बाई, फाईल फिरतीय तवर ड्रमला कोन हात लावनार? फिरू द्या. उत्तर असं ल्ह्या की त्यातनं आनि येक प्रश्न निगंल.”

“आणि तुमचं अनुदान? तुमची सात कामं?”

“ते बी रजेवर,” ते म्हणाले आणि विडीसाठी खिशातली काडेपेटी काढली. ती सात कामं दुसऱ्या कारागिराकडे गेली. मिस्त्री उंब्रजला उसाच्या बैलगाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा वेल्डिंग करू लागले.

मी, परिपत्रकं तोंडपाठ असलेली मी, लबाड उत्तरं लिहायला शिकले. ‘उजव्या’ लिहिलं, पण तर्जनी की मधलं बोट ते गाळलं. त्यावर तीन महिने निघाले. शेवटी वरच्यांनी कंटाळून थेट विचारलं, ‘संयंत्र चालू आहे की बंद, एका शब्दात कळवावे.’ आषाढ लांब होता, पोती संपली होती, ड्रम पुन्हा तळाला गेला होता. ‘चालू’ लिहिलं तर खोटं, ‘बंद’ लिहिलं तर ड्रम जाणार. मी दिवसभर पेन चावलं आणि एका शब्दात लिहिलं, ‘रजेवर’.

महिन्यानं उत्तर आलं : ‘रजेचा अर्ज जोडलेला नाही. पाठवावा.’

मिस्त्रींनी तो माझ्या टेबलावर बसून लिहिला. ‘विनंती अर्ज. अर्जदार, सोळा नंबर. कारण, मेंढरं परगावी. मुदत, दिवाळी ते आषाढ. मुख्यालय सोडणार नाही.’ खाली ठकूबाईचा अंगठा. तो अर्ज वर गेला आणि मंजूर होऊन आला. हसले की नाही तिथले लोक, ठाऊक नाही. कदाचित त्यांना माझ्याएवढंही कळलं नसेल.

पुढं दर दिवाळीनंतर अर्ज यायचा. पावसाळ्यात म्हातारी गॅसवर, उन्हाळ्यात मिस्त्री जमेल तशी पोती पोचवायचे, आणि जमलं नाही तर ती शेजारणीकडे जेवायची; पण चुलीपुढं बसायची नाही, कारण मिस्त्रींनी चूलच फोडून टाकली होती. तिचा दुसरा डोळा तेवढाच राहिला. सुधारला नाही, आणखी गेलाही नाही.

एका वर्षी अर्ज आला नाही. मार्गशीर्ष गेला. माझ्या मनात नको नको ते येऊ लागलं. म्हातारी? का मिस्त्री? सुट्टी टाकून मी वडूजच्या एसटीत बसले आणि माळावर उतरून जवळजवळ पळतच गेले.

मिस्त्री उंबऱ्याशी बसून भाकरी खात होते. आत अंधारात ठकूबाई, आणि तिच्यापुढं शेगडीवर निळीशार ज्योत. इतक्या वर्षांत मी ती पहिल्यांदा पाहिली, चांगली गोल, फुलासारखी. घरात धूर नव्हता.

“अर्ज का नाही पाठवला?” मी दम लागलेल्या आवाजात ओरडले. “मी किती घाबरले!”

“रजा रद्द,” मिस्त्री म्हणाले आणि मागं बोट दाखवलं. पोरांनी त्या वर्षीची कोकरं विकून दोन म्हशी घेतल्या होत्या. खऱ्या म्हशी. आता शेण बारमाही.

मी लगेच पिशवीतून फॉर्म काढला. आता ‘चालू’ लिहायचं, दाखला द्यायचा, मिस्त्रींचं सगळं मोकळं करायचं. ‘जनावरे’ ह्या रकान्यात मी, साहेबांसारखी डोळ्यांना दिसतात तेवढीच, ‘दोन’ लिहायला गेले आणि माझा हात थांबला. नियम चार जनावरांचा. कागदावर मेंढरं होती तेव्हा गॅस बंद होता पण नियमात बसत होता. आता चालू होता आणि बसत नव्हता. मी रडकुंडीला आले. ज्योतीकडे बघितलं, म्हशींकडे बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं.

त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

“एकशे बारा ल्ह्या,” ते म्हणाले.